दहा सेंटिमीटरची रेघ

बूटमास्तरांच्या घरचा वजनकाटा स्वयंपाकघरात कधीच सापडत नाही. तो मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या बाकावर असतो आणि त्याच्यावर कुणाच्या तरी डाव्या नाहीतर उजव्या पायाचा बूट बसलेला असतो. बायकोला पीठ मोजायचं असलं की ती मागे जाते, बूट उचलून बाजूला ठेवते, काटा ओल्या फडक्याने पुसते आणि जाताना दोन शब्द ऐकवून जाते. एकदा वैतागून तिने दुसरा काटा आणला. तोही महिन्याभरात मागच्या खोलीत गेला, कारण मास्तरांना जोडीतले दोन्ही बूट एकाच वेळी तोलून बघायचे होते.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात बुटांचा छोटा कारखाना होता, तिथे त्यांनी अडतीस वर्षं काढली. एक पाय आखूड असलेली, पाऊल आत वळलेली, बोटं गमावलेली माणसं डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जिना उतरून खाली येत आणि मास्तरांचे बूट घालून जिना चढून वर जात. निवृत्तीनंतर तळघर सुटलं, पण माणसं सुटली नाहीत. मास्तरांनी घराची मागची खोली रिकामी केली, भिंतीला फळ्या ठोकल्या, आणि त्यांच्यावर जुन्या गिऱ्हाइकांच्या पावलांचे लाकडी साचे ओळीने मांडले. प्रत्येक साच्यावर फक्त नंबर असे. कुठला नंबर कुणाचा, ते सांगणारी वही कुलपाच्या खणात राही. कुणाचं पाऊल कसं आहे ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे आणि ती भिंतीवर टांगायची नसते, असं मास्तरांचं मत होतं. त्या बाबतीत ते बायकोलाही दाद देत नसत.

त्यांचं नाव झालं ते हलक्या बुटामुळे. आखूड पायाखाली चार सेंटिमीटरचा तळ चढवायचा म्हणजे बूट जड होणारच, अशी सगळ्यांची समजूत होती, आणि मास्तर नोकरीला लागले तेव्हा कारखान्यातले बूट खरोखरच विटेसारखे होते. त्यांनी एकेक बूट उकलला आणि आतलं काय काय कशासाठी आहे ते विचारायला सुरुवात केली. निम्म्या गोष्टी कुणीतरी कधीतरी घातल्या म्हणून चालत आलेल्या निघाल्या. त्या मास्तर काढत गेले. टाचेची पकड आणि तळव्याचा आधार यांना मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. शंभर ग्रॅमने असा काय फरक पडतो, असं कुणी म्हणालं की ते शांतपणे सांगत, की अशक्त पाय ते शंभर ग्रॅम दिवसातून चार हजार वेळा उचलतो.

त्यांची आणखी एक खोड होती. नवा बूट दिल्यावर महिन्याने ते गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारत: दिवसातून बुटाची आठवण किती वेळा होते? कुणी वीस म्हणे, कुणी दहा. तो आकडा ते वहीत लिहून ठेवत आणि पुढचा जोड करताना खाली आणायचा प्रयत्न करत. ‘छान आहेत’, ‘मस्त आहेत’ असली उत्तरं ते लिहीत नसत.

या प्रश्नाचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर देणारी एक नर्सबाई होती. ती पहिल्यांदा तळघरात आली तेव्हा नऊ वर्षांची होती. डावा पाय चार सेंटिमीटर आखूड, आणि तोंड भलतंच फटकळ. पहिल्या जोडानंतर महिन्याने मास्तरांनी प्रश्न विचारला तेव्हा तिने मान ताठ ठेवून ‘शंभर वेळा’ असं सांगितलं. तिच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तर मात्र खूश झाले. पुढच्या तीस वर्षांत त्यांनी तिला सव्वीस जोड करून दिले. त्या बुटांवर ती शाळा शिकली, नर्स झाली, लग्न करून एक अख्खा दिवस प्रवास करावा लागेल इतक्या लांबच्या शहरात गेली आणि तिथल्या इस्पितळात वॉर्डात उभी राहिली. तिचा साचा फळीवर होता, त्यामुळे फोनवर ‘काका, तळ झिजले’ एवढं ऐकलं तरी नवा जोड रवाना होई. आकडा शंभरावरून हळूहळू उतरत तीनवर आला होता. तीनच्या खाली तो जाईना, आणि ती खोटं बोलेना.

गेल्या वर्षी तिच्या डाव्या पावलाचं ऑपरेशन झालं. वळलेली हाडं सरळ केली गेली, पाऊल बरंच सुधारलं, आणि मास्तरांच्या फळीवरचा साचा निरुपयोगी झाला. रजा सगळी संपलेली, तेव्हा मास्तरांकडे येणं तिला शक्य नव्हतं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तिला वॉर्डात अख्खी पाळी पायांवर काढून दाखवायची होती. जमलं तर वॉर्ड, नाही जमलं तर कागदपत्रांच्या खोलीत कायमचं बैठं काम, असं तिच्या वरिष्ठांनी स्पष्ट सांगितलं होतं. ऑपरेशननंतर तिथल्या एका दुकानाने तिला बूट करून दिला होता, तो घालून ती तीन तास उभी राहू शकली होती.

“काका, मला खुर्ची नको,” ती फोनवर म्हणाली. एवढंच म्हणाली.

उंटावरून शेळ्या हाकायचा हा प्रकार मास्तरांना मान्य नव्हता. पाऊल हातात घेतल्याशिवाय बूट करणं म्हणजे चेहरा न बघता चष्मा देणं, असं ते म्हणत. पण इलाज नव्हता. तिच्या व्यायामतज्ज्ञ बाईंनी दोन्ही पावलं कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली, कुठे दाब येतो ते खुणांनी दाखवलं, कागद स्कॅन केले आणि दोन पानांची पीडीएफ फाईल करून पाठवून दिली.

ती उघडायची होती बाहेरच्या खोलीतल्या संगणकावर. तो अकरा वर्षांचा होता. एरवी त्याच्यावर मास्तर गिऱ्हाइकांच्या डॉक्टरांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या साठवत आणि बायको पत्ते खेळे. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ऑपरेटर होती आणि यंत्रांना घाबरणं तिला ठाऊक नव्हतं. जावयाने मागच्या भेटीत मोठ्या हौसेने त्यावर एक पीडीएफ रीडर टाकून दिला होता, लाल चिन्हाचा, सगळं काही करणारा. त्याच्यावर सही करता येई, पानं जोडता येत, तोडता येत, फाईल दुसऱ्याला दाखवता येई. वाचताही येई, पण त्याची पाळी शेवटी. चिन्हावर टिचकी मारली की संगणकाचा पंखा घोंघावायला लागे, आणि बायको चहा टाकून, गाळून, घेऊन आली तरी पडद्यावर गोल चक्रच फिरत असे. मग एकेक पाट्या येत. नवी सोय बघणार का? वर्गणी भरणार का? या कागदाचा सारांश सांगू का? पावलाच्या चित्राचा सारांश तो काय सांगणार होता, हे मास्तरांना कळेना. ते सगळ्याला ‘हो’ म्हणत पुढे गेले आणि डाव्या पायाचं पान छापून घेतलं. उजव्याचा साचा फळीवर होताच.

आता कारखान्यातली एक सवय सांगायला हवी. पावलाचा नकाशा हातात आला की मास्तर आधी कात्रीने रेघेलगतचा सगळा कागद कापून टाकत. मोकळी कडा साच्यावर गुंडाळताना सुरीखाली येते आणि सुरी घसरते, म्हणून अडतीस वर्षं त्यांचा हात हेच करत आला होता. त्या दिवशीही त्यांनी कागद कापला. त्या कडेलाच व्यायामतज्ज्ञ बाईंनी पट्टीने एक सरळ रेघ मारून खाली ‘दहा सेंटिमीटर’ असं लिहून ठेवलं होतं. मास्तरांच्या नजरेस ती पडली होती. पण आकडे हे ज्यांच्या हाताला अंदाज नाही त्यांच्यासाठी असतात, असं त्यांना मनातून वाटत असे, आणि ती रेघ कात्रणांबरोबर टोपलीत गेली.

पाऊल जरा लहान वाटलं खरं. पण ऑपरेशन झालंय, आखडलं असेल, असं म्हणून त्यांनी साचा घडवला, बोटांपुढे नेहमीची दोन सूत जागा सोडली आणि आठ दिवस खपून बूट केला. काट्यावर तो चारशे तीस ग्रॅम भरला. एवढा हलका बूट त्यांनी तिला आजवर दिला नव्हता, आणि पार्सल बांधताना ते चक्क गुणगुणत होते.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं आणि टाचेला फोड आला होता. तरी तिने बूट दोन दिवस घातला होता, उगाच काकांना वाईट वाटायला नको म्हणून. अडतीस वर्षांत त्यांचा एकही बूट परत आला नव्हता. बूट सैल झाला होता, घट्ट झाला होता, पण कुणाच्या नखात रक्त कधी साकळलं नव्हतं. एक तारखेला बारा दिवस उरले होते.

मास्तर तासभर फळ्यांसमोर उभे राहिले. मग अचानक बाहेर गेले, संगणक लावला, पंख्याचं घोंघावणं ऐकून घेतलं, सगळ्या पाट्यांना ‘हो’ म्हटलं आणि या वेळी दुसरं पान छापलं. उजव्या पायाचं. ते फळीवरच्या उजव्या साच्याच्या तळाशी धरून बघितलं, तर साचा चारही बाजूंनी कागदाबाहेर येत होता. उजव्या पायाचं तर ऑपरेशन झालंच नव्हतं.

आता घोडं कुठे पेंड खातंय ते त्यांच्या लक्षात आलं. या पानाची कडा अजून कापलेली नव्हती. त्यांनी स्टीलची पट्टी आणली आणि दहा सेंटिमीटरच्या रेघेवर ठेवली. ती नऊ सेंटिमीटर सहा मिलिमीटर भरली.

त्यांनी जावयाला फोन लावला. जावई भला माणूस. म्हणाला, बाबा, छापताना तो पान कागदात बसवायला थोडं लहान करतो, म्हणजे कडा कापल्या जात नाहीत. तिथे ‘मूळ आकार’ असं निवडा. मास्तरांनी निवडलं. रेघ बरोबर दहा आली. चूक आपलीही होती, ती रेघ कापून टाकणारे आपलेच हात, हे त्यांनी बायकोपाशी कबूल केलं आणि दोघांनी निःश्वास सोडला. नवा साचा घडवायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तळ कापण्याआधी त्यांनी डाव्या पायाचं पान पुन्हा छापलं, आणि आता अक्कल आल्यामुळे रेघेवर पट्टी ठेवली. पुन्हा नऊ सेंटिमीटर सहा मिलिमीटर. रीडरने मधल्या काळात आपणहून स्वतःला नवं करून घेतलं होतं आणि नवं होताना मास्तरांची निवड पुसून टाकली होती. वर एक पाटी झळकत होती, की तुमच्या एकशे चौदा फाईल आम्ही आमच्याकडे सुरक्षित ठेवल्या आहेत.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या एकशे चौदा फाईल म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतली माणसांची पावलं होती. नावानिशी, आजारानिशी. ज्या पाट्यांना ते न वाचता ‘हो’ म्हणत आले होते त्यांतल्याच एकीने ही परवानगी घेतली असणार. खणाला कुलूप लावून किल्ली कमरेला बांधणाऱ्या माणसाने मागच्या दाराने सगळी वही बाहेर जाऊ दिली होती. त्यांनी बायकोला हाक मारली, आणि दोघांनी मिळून आधी त्या एकशे चौदा फाईल तिकडून एकेक करून पुसल्या. मग मास्तर म्हणाले, की हा रीडर घरात राहणार नाही.

बायकोने व्यवहाराची बाजू मांडली. बूट अर्धवट पडला होता, नऊ दिवस उरले होते, आणि दर वेळी पट्टी लावून बघितलं की काम भागत होतं. शिवाय जावयाने हौसेने टाकून दिलेली वस्तू काढायची म्हणजे लेकीला काय वाटेल, हाही प्रश्न होताच.

“बूट घातल्यावर दर पावलाला वाकून बघावं लागत असेल की टाच जागेवर आहे का,” मास्तर म्हणाले, “तर त्याला मी बूट म्हणत नाही. जावईबापूंशी मी बोलेन. तू काळजी करू नकोस.”

कोपऱ्यावरच्या संगणक दुरुस्तीवाल्याला विचारून झालं. त्याने रीडरचं नाव ऐकलंच नाही, आधी संगणकाचं वय ऐकलं आणि नवा घ्या म्हणाला. मास्तर घरी आले. पाय अशक्त आहे म्हणून पाय बदला असं त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बूट हलका करायचा असतो, आणि ते काम आपल्याला येतं, हे त्यांच्या डोक्यात त्या क्षणी लख्ख बसलं. गेले तीन-चार दिवस हरवलेली त्यांची ऐट परत आली.

त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, जो कारखान्यात पहिल्या दिवशी विचारला होता. हे आतलं सगळं कशासाठी आहे? आपल्याला फाईल उघडायची, वाचायची, आणि आहे त्या मापाने छापायची. सही करायला घरात पेन होतं. पानं जोडायला टाचणी होती. फाईलच्या पोटात लपवलेला एखादा प्रोग्रॅम चालवून दाखवायची सोय तर मुळीच नको होती, कारण असल्या सोयींतूनच चोर आत शिरतात, असं त्यांनी दोन-तीन ठिकाणी वाचलं. जेवढ्या सोयी जास्त तेवढी दारं जास्त, हे समजायला त्यांना संगणक शिकावा लागला नाही. बायकोने अधूनमधून भरायच्या अर्जांचं काय, असं विचारलं. तिची शंका तिनेच सोडवली; इंटरनेट बघायच्या खिडकीतच पीडीएफ उघडते आणि रकाने भरता येतात, हे तिने करून दाखवलं.

चाचणीसाठी फाईल हवी होती. नर्सबाईंचं पाऊल तसल्या कामाला वापरायला मास्तर तयार नव्हते. तेव्हा त्यांनी स्वतःचा पाय कागदावर ठेवला, बायकोला पेन्सिल फिरवायला लावली, शेजारी दहा सेंटिमीटरची रेघ स्वतःच्या हाताने मारली आणि कागद प्रिंटरच्या झाकणाखाली घालून स्कॅन केला. चाळीस वर्षांच्या संसारात तुमचे पाय पहिल्यांदाच इतक्या जवळून बघतेय, असं बायको म्हणाली. गुदगुल्यांमुळे रेघ अंगठ्यापाशी जरा वाकडी गेली आहे, आणि तो कागद अजून त्यांच्या खणात आहे.

तीन रीडर त्यांनी निवडून काढले. पहिला हलका होता, पण ज्या पानावरून तो उतरवून घ्यायचा त्यावर ‘डाउनलोड’ची तीन हिरवी बटणं होती आणि त्यांतली दोन भलत्याच गोष्टींची. तिसरं दाबल्यावर रीडरबरोबर हवामान सांगणारं काहीतरी घरात शिरू बघत होतं. हवामान बघायला खिडकी आहे, असं म्हणून मास्तरांनी तो तिथेच थांबवला. दुसरा एवढासा, सुरेख, तीन सेकंदांत उघडणारा. मास्तरांना तो मनापासून आवडला. पण त्याच्या पानावर शेवटची दुरुस्ती कधी झाली ते त्यांनी शोधलं, तर सहा वर्षांपूर्वीची तारीख निघाली. बनवणारा सोडून गेलेला होता. बूट कितीही चांगला असला तरी पुढे टाका उसवला तर तो घालणारा कुणी हवा, म्हणून जड मनाने त्यांनी त्याला बाजूला केलं.

तिसऱ्याची शेवटची दुरुस्ती मागच्याच महिन्यातली होती. बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या पानावर एकच बटण होतं, आणि खाली चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक लांबलचक ओळ होती. उतरवून घेतलेली फाईल अस्सल असेल तर तुमच्या संगणकावरही हीच ओळ येईल, असं लिहिलं होतं, आणि ती ओळ कशी काढायची तेही. इथे बायकोचे जुने दिवस परत आले. ती चष्मा लावून ताठ बसली आणि टेलिफोन खात्यातल्या त्या जुन्या, स्वच्छ, कुणाचीही बाजू न घेणाऱ्या आवाजात चारचार अक्षरं वाचत गेली. मास्तर कागदावर बरोबरच्या खुणा करत गेले. चौसष्टच्या चौसष्ट जुळल्यावर ती “जोडून देते” असं म्हणून गेली, आणि मग स्वतःच हसत सुटली.

मग मास्तरांनी इंटरनेटची वायर उपसली. घरात आलेला कागद वाचायला ज्याला बाहेर विचारावं लागतं तो आपल्या कामाचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. वायर बाहेर, आणि चिन्हावर टिचकी. पंखा घोंघावला नाही. पाटी आली नाही. मास्तरांनी खुर्ची पुढे ओढेपर्यंत त्यांचं पाऊल, वाकड्या अंगठ्यासकट, पडद्यावर आलं होतं. त्यांनी मूळ आकार निवडून ते छापलं, रेघेवर पट्टी ठेवली, नीट दिसावं म्हणून कागद खिडकीपाशी नेला. दहा. संगणक बंद केला, चालू केला, पुन्हा छापलं. दहा. दुसऱ्या दिवशी सकाळी, वायर लावून, पुन्हा एकदा. दहा. तेव्हा कुठे त्यांनी लाल चिन्हाचा रीडर काढून टाकला आणि डाव्या पायाचं पान नव्या रीडरने छापलं. त्या पानाची कडा त्यांनी कापली, पण रेघ असलेला तुकडा चिमटा लावून फळीवर टांगून ठेवला.

पुढचे सहा दिवस मागच्या खोलीत काय झालं ते त्या खोलीलाच माहीत. बायको जेवायला हाक मारी आणि ताट झाकून ठेवी. या वेळी मास्तर अंदाजाने काहीच करत नव्हते, आणि गंमत म्हणजे त्यामुळे त्यांचा हात जास्त मोकळा चालत होता. तळ कोरताना त्यांना आणखी अठरा ग्रॅम नको असलेले सापडले. बूट चारशे बारा भरला. गुणगुणण्याच्या फंदात न पडता त्यांनी पार्सल बांधलं. एक तारखेच्या आदल्या दिवशी ते पोचलं, एवढाच निरोप आला.

एक तारीख रविवारी होती. लेक आणि जावई जेवायला आले. मास्तरांचं लक्ष ताटात नव्हतं. तिकडे सकाळी सातला पाळी सुरू झाली होती, ती संध्याकाळी सातला संपणार होती, आणि बारा तासांत अंगठ्याच्या नखावर काय काय होऊ शकतं याची त्यांना इतरांपेक्षा जरा जास्तच कल्पना होती. जीव टांगणीला लागलेला, तोंडावर मात्र काही नाही. जेवणानंतर जावई काहीतरी बघायला म्हणून संगणकापाशी बसला आणि थबकला. लाल चिन्ह जागेवर नव्हतं. बायकोने लेकीकडे बघितलं, लेकीने आईकडे.

मास्तर उठले, जावयाच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. काळं नख, रेघ, एकशे चौदा पावलं. तुमची हौस मला कळते जावईबापू, म्हणाले, पण माझा पाय अशक्त आहे. जावयाचा चेहरा जरा उतरला. यात सही करता येणार नाही बाबा, एवढं तो बोलून गेला, आणि मास्तरांनी खिशातलं पेन काढून त्याच्यापुढे ठेवल्यावर त्यालाच हसू आवरेना. मग त्याने त्या छोट्या रीडरमध्ये एक फाईल उघडून बघितली. ती इतक्या पटकन उघडली, की त्याने बंद करून पुन्हा उघडली. थोड्या वेळाने, कुणाचं लक्ष नाही असं बघून, त्याने सासूबाईंना विचारलं, की ती चौसष्ट अक्षरांची भानगड त्याच्या लॅपटॉपसाठीही जमेल का. सासूबाईंनी लगेच चष्मा लावला.

सात वाजले. सव्वासात झाले. फोन वाजेना. मास्तर मागच्या खोलीत जाऊन आले, परत गेले. पाळी अर्धवट सोडून आली असेल तर तिला सांगायला जड जात असेल, असं त्यांना वाटलं, आणि मग ते वाटणं काही जाईना. आठला पाच कमी असताना फोन वाजला. बायको उचलायला निघाली, पण मास्तर तिच्या आधी पोचले.

वॉर्ड मिळाला का, हे त्यांनी विचारलं नाही. पाय दुखतोय का, तेही नाही. खरं तर त्यांचा तो प्रश्न महिन्याने विचारायचा असतो. पण त्या दिवशी त्यांना धीर निघाला नाही.

“किती वेळा?” त्यांनी विचारलं.

खोटं तिने कधीच सांगितलं नव्हतं, त्यामुळे पलीकडे ती बहुधा मोजत होती.

“एकदा,” ती म्हणाली. “आत्ता, घरी येऊन काढताना.”

मास्तरांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि मागे गेले. कुलपाचा खण उघडला, वही काढली, तिच्या नंबरापुढे एक हा आकडा लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. मग काट्यावर बसलेला कुणाचा तरी बूट उचलून फळीवर ठेवला, काटा स्वतः ओल्या फडक्याने पुसला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.